चीनच्या दूतावासासमोर माझ्या मित्राला आपल्याच पोलिसांनी का उचललं?

प्रश्न असा आला आहे: "काका, मी अर्जुनी मोरगावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. माझा शाळेतला मित्र गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतला आहे. यंदा 10 मार्चला तो दिल्लीत चीनच्या दूतावासासमोर निदर्शनाला गेला, तर पोलिसांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं आणि कसल्याशा कागदावर सही घेतली. ज्या देशाने त्यांना आसरा दिला तोच देश त्यांना का उचलतो? आणि असं ओरडून दोन देशांमध्ये खरंच काही फरक पडतो का? माझी मावसबहीण लंडनला शिकते. तिलाही आपल्या उच्चायुक्तालयासमोरच्या एका निदर्शनाला बोलावलं आहे. तिला काय सांगू?"

बाबू, तुझा पहिला प्रश्न मला एकदा तोंडावर विचारला गेला होता, तोही आपल्याच बोलीत. ते पुढे सांगतो. परराष्ट्र मंत्रालयात मी तेहतीस वर्षं नोकरी केली. निम्मी परदेशातल्या आपल्या दूतावासांत, बहुतेक पासपोर्ट-व्हिसाच्या खिडकीमागे, आणि शेवटची काही दिल्लीत, परदेशी दूतावासांची गाऱ्हाणी जिथे येतात त्या टेबलावर. निदर्शनं मी फाटकाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. आता नवेगावबांधला धान बघतो आणि तुमच्यासारख्या पोरांच्या शंका सोडवतो.

आधी एक समज डोक्यातून काढ. दूतावासाची जागा म्हणजे त्या देशाची जमीन, असं बरेच जण पाठ करतात. तसं नाही. दिल्लीच्या शांतिपथावरचा चीनचा दूतावास भारताच्याच जमिनीवर उभा आहे आणि तिथे भारताचाच कायदा चालतो. फक्त आपले पोलीस दूतावास प्रमुखाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू शकत नाहीत. हे 1961 च्या व्हिएन्ना करारातल्या कलम 22 मध्ये लिहिलं आहे, आणि 1972 मध्ये आपल्या संसदेने कायदा करून तो करार देशात लागू केला. परीक्षेत एवढं पुरतं. तुझ्या मित्राला मात्र त्याच कलमाचा दुसरा भाग भोवला.

तो भाग सांगतो की ज्या देशात दूतावास आहे त्या देशावर 'विशेष कर्तव्य' आहे: दूतावासात कुणी घुसू नये, त्याचं नुकसान होऊ नये, तिथली शांतता भंगू नये आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येऊ नये, यासाठी सगळी योग्य पावलं उचलायची. पहिल्या दोन गोष्टी भिंतीसारख्या स्पष्ट आहेत. कुणी फाटक ओलांडलं की ओलांडलं, काच फुटली की फुटली. भांडण सगळं शेवटच्या दोहोंवर आहे. शांतता म्हणजे काय? भोंगा किती वाजला तर ती भंगते? आणि प्रतिष्ठा? समोरच्या फुटपाथवर उभं राहून 'तुमचं सरकार जुलमी आहे' असा फलक धरला तर प्रतिष्ठेला बाधा येते का? अमेरिकेच्या राजधानीत एक नियम होता की दूतावासापासून 500 फुटांच्या आत त्या सरकारची बदनामी करणारा फलक धरायचा नाही. 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सुरक्षेसाठी गर्दी पांगवा, पण फलकावर काय लिहिलं आहे ते बघून माणसाला हटवू नका, असा त्या निकालाचा सार. आपल्याकडे प्रतिष्ठेचा अर्थ पोलीस बराच ऐसपैस घेतात. माझ्या मते जरा जास्तच.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं समज. तुझ्या घरी एक सोयरा येऊन राहिला आहे. शेजारच्या शेतवाल्याने त्याची जमीन दाबली आहे. त्या शेतवाल्याशी तुझा धुरा लागून आहे, कालव्याच्या पाण्याची पाळीही एकच. सोयऱ्याने तुझ्या ओसरीवरून त्याला चार शब्द सुनावले तर तू कानाआड करशील. तोच धुरा ओलांडून त्याच्या धानात उतरला तर गाव सोयऱ्याला विचारणार नाही, तुला विचारेल. दूतावासासमोरच्या निदर्शनाचं सगळं राजकारण इथून सुरू होतं. घोषणा दूतावासाविरुद्ध असतात, पण कसोटी लागते ती यजमान देशाची.

आता तो दिल्लीतला दिवस. 1959 मध्ये 10 मार्चला ल्हासात उठाव झाला, म्हणून तिबेटी लोक दरवर्षी तो दिवस पाळतात. माझ्या नोकरीतल्या एका 10 मार्चला मी शांतिपथावर मंत्रालयातर्फे उभा होतो. काम एवढंच की दूतावासातून फोन आला तर उत्तर देता यावं. अकराच्या सुमारास दोन-तीन गाड्या थांबल्या, वीस-बावीस पोरंपोरी उतरली आणि झेंडे घेऊन बॅरिकेडकडे धावत सुटली. पाच-सात मिनिटांत सगळी बसमध्ये होती. एक पोरगं रस्त्यावर आडवं झालं होतं, त्याला चार शिपायांनी हातापायाला धरून नेलं. त्याची एक चप्पल डांबरावर राहिली. मी ती उचलून बसच्या खिडकीतून आत दिली. त्याने माझ्या खिशावरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाला, "साहेब, तुमी भंडारा-गोंदियाकडचे का जी?" मी म्हणालो, नवेगावबांध. त्याचा चेहरा फुलला. "मी गोठणगावचा आहो जी. आमाले कायले पकडता जी?"

दिल्लीच्या त्या रस्त्यावर, तिबेटचा झेंडा कपाळाला बांधलेला पोरगा माझ्याशी माझ्या आईच्या बोलीत बोलत होता. त्यात नवल नव्हतं. ती वसाहत 1972 पासून तिथे आहे. त्यांची पोरं आपल्याच शाळांत शिकली, आपल्याच मंडईत झाडीपट्टीची नाटकं बघत मोठी झाली. हिवाळा लागला की त्यांच्याच घरचे लोक शहरात स्वेटर विकायला बसतात. मी त्याला काही उत्तर देण्याआधी बस हलली. ते उत्तर आज तुला देतो.

दुपारी दूतावासातून फोन आला. मला सांगता आलं की इतके जण ताब्यात घेतले, फाटकापासून इतक्या अंतरावर अडवले, आवारात कुणी शिरलं नाही. फोन तिथेच संपला. कागद झाला नाही, राजदूत भेटायला आले नाहीत. त्या पोरांचे ठाण्यातले सहा-सात तास म्हणजे आपण चीनला दिलेली पावती होती: आम्ही आमचं कर्तव्य केलं. ही पावती देता आली नाही तर काय होतं ते 2008 मध्ये दिसलं. बीजिंग ऑलिंपिकचं ते वर्ष, तिबेटात आंदोलन पेटलेलं, आणि मार्च महिन्यात दिल्लीत तिबेटी निदर्शक भिंत चढून चीनच्या दूतावासाच्या आवारात शिरले. बीजिंगमध्ये आपल्या राजदूत निरुपमा राव होत्या. चीनच्या परराष्ट्र खात्याने त्यांना रात्री दोन वाजता बोलावून घेतलं. राजदूताला बोलावणं ही नेहमीची गोष्ट आहे, पण रात्री दोनला बोलावणं हा मुद्दाम केलेला अपमान असतो. त्यानंतर 17 एप्रिलला ऑलिंपिकची मशाल दिल्लीत आली, तेव्हा राजपथावरच्या दोन-तीन किलोमीटरसाठी हजारो पोलीस लावले गेले आणि सामान्य माणसाला ती बघायलाही मिळाली नाही.

म्हणजे तुझ्या मित्राला उचलणं बरोबर होतं का? दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नको. बॅरिकेड तोडून फाटकाकडे धावणाऱ्याला अडवणं आणि संध्याकाळी सोडून देणं, यात मला गैर वाटत नाही. आसराही राहतो आणि कराराचा शब्दही राहतो. पण चीनचा मोठा नेता दिल्लीत येणार म्हणून चार दिवस आधीच वस्तीत पोलीस बसवायचे, पोरांना घरातून उचलायचं, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तिच्या चेहऱ्यावरून बसस्टॉपवर अडवायचं, हे कलम 22 मध्ये कुठेही नाही. 'योग्य पावलं' असा शब्द आहे. मार्च 2012 मध्ये ब्रिक्स परिषदेच्या तोंडावर दिल्लीत एका तिबेटी तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं आणि तो वाचला नाही. त्यानंतर मजनू का टीला या दिल्लीतल्या तिबेटी वस्तीभोवती जो वेढा पडला, तो मी विसरू शकत नाही. दूतावासाच्या दारात उभं राहू दिलं नाही, समजू शकतो. स्वतःच्या दारातही उभं राहू द्यायचं नाही, याला कराराचं नाव देऊ नये. मंत्रालयात असताना हे मी फायलीवर लिहिलं होतं, आज उघड लिहितो.

मित्राच्या बाबतीत कायदा कुठे कच्चा आहे तेही समजून घे. शांततेने जमण्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम 19 फक्त नागरिकांना आहे. कलम 14 आणि 21 मात्र या देशातल्या प्रत्येक माणसाला आहेत. मित्र जर तिबेटींना पोलिसांकडून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्रावर राहत असेल तर तो कायद्याने परदेशी माणूस. त्याचे वडील 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मले असतील तर ते जन्मानेच भारतीय नागरिक आहेत, मग मुलाची गोष्टही बदलते. वसाहतीतल्या कित्येक घरांना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असूनही ते मुद्दाम नागरिकत्व घेत नाहीत, कारण त्यांना वाटतं की तसं केलं तर परत जाण्याचा दावा सोडल्यासारखं होईल. त्या निर्णयाचा मी मान राखतो. पण त्याची किंमत पोलीस ठाण्यात कळते. तुला त्याच कारणासाठी ताब्यात घेतलं तर एक दुपार जाते. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर प्रमाणपत्राचं नूतनीकरण आणि प्रवासासाठीचं आयडेंटिटी सर्टिफिकेट, दोन्हींच्या वाटेत तो गुन्हा उभा राहतो.

आता दुसरा प्रश्न, फरक पडतो का. पडतो. पण जिकडे पडावा असं वाटतं तिकडेच पडतो असं नाही.

यजमान देशाकडे लेखी तक्रार जाते तिला नोट व्हर्बाल म्हणतात. कितीही राग असला तरी तिची सुरुवात एकच: 'दूतावास मंत्रालयास सादर अभिवादन करतो.' शेवटही ठरलेला, अत्युच्च आदराची ग्वाही. खाली सही नाही, नुसती आद्याक्षरं आणि शिक्का. खरं काय ते मधल्या दोन परिच्छेदांत. परदेशात असताना मी अशा नोटा टाइप केल्या, दिल्लीत असताना घेतल्या. आणि एक गोष्ट मला दर वेळी दिसली. निदर्शक घोषणा देऊन, निवेदन ठेवून गेले असतील तर त्या परिच्छेदांत त्यांची मागणी यायची. 'तथाकथित' असं विशेषण लावून का होईना, पण यायची. ती नोट यजमान देशाचा अधिकारी वाचायचा, तिची प्रत मायदेशी जायची, तिथला अधिकारी वाचायचा. ज्या दिवशी काच फुटली त्या दिवशी मधल्या परिच्छेदांत काचेचं माप यायचं. किती बाय किती फूट, कुठल्या मजल्यावरची, पोलीस किती वाजता आले, किती मिनिटं उशीर झाला. मागणीचा एक शब्द नसायचा.

19 मार्च 2023 ला लंडनमध्ये नेमकं हेच झालं. पंजाबात अमृतपाल सिंगविरुद्ध पोलिसांची मोहीम सुरू होती, त्याच्या निषेधाला खलिस्तानवादी जमाव आपल्या उच्चायुक्तालयासमोर आला आणि एकाने सज्जावर चढून तिरंगा खाली ओढला. त्याच रात्री दिल्लीत ब्रिटनच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावून विचारण्यात आलं की दारात पोलीस का नव्हते. 22 मार्चला दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयासमोरचे बॅरिकेड हटले. बॅरिकेड हटवणं हीसुद्धा एक भाषा आहे: तुम्ही आमच्या दाराची जेवढी राखण कराल तेवढीच आम्ही तुमच्या दाराची करू. पुढचे कित्येक आठवडे दोन सरकारांमध्ये बोलणं चाललं ते पहाऱ्यावर, अटकांवर, तपासावर. निदर्शनाचं मूळ कारण कुणाच्या तोंडी उरलं नाही. तिरंगा उतरवणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण समजा ती असती, तरी मी त्यांना सांगितलं असतं की तुम्ही तुमचीच मागणी पुसून टाकलीत.

उलट बाजू बघ. नोव्हेंबर 1984 मध्ये वॉशिंग्टनला काही कृष्णवर्णीय नेते दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला भेटायला गेले आणि भेट संपल्यावर बाहेर पडायला नकार देऊन बसले. त्यांना अटक झाली. त्यानंतर रोज लोक येऊ लागले. 500 फुटांची ती हद्द जाणूनबुजून ओलांडायची, गाणी म्हणायची आणि शांतपणे पोलिसांच्या हवाली व्हायचं. वर्षभर हा क्रम चालला, हजारो लोकांना अटक झाली, त्यात खासदार होते, खेळाडू होते. एकही काच फुटली नाही. 1986 मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात एकट्या निदर्शनांचा वाटा नव्हता, पण दक्षिण आफ्रिकेला पटवणं हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. दूतावासासमोर उभं राहून ते बोलत होते स्वतःच्या सरकारशी. जे साधलं ते त्यामुळे साधलं.

आणि कधीकधी घोडचूक आतल्या माणसांकडून होते. 17 एप्रिल 1984 ला लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लिबियातून परागंदा झालेले लोक गद्दाफींविरुद्ध घोषणा देत होते. हे निदर्शन थांबवा असं लिबियाने आदल्या रात्री ब्रिटनला सांगून ठेवलं होतं. आम्हाला तसा अधिकार नाही, असं उत्तर मिळालं. सकाळी लिबियाच्या कचेरीच्या खिडकीतून निदर्शकांवर गोळ्या सुटल्या. तिथे बंदोबस्ताला असलेली यव्हॉन फ्लेचर ही 25 वर्षांची पोलीस शिपाई मारली गेली. अकरा दिवस इमारतीला वेढा होता, पण व्हिएन्ना करारामुळे ब्रिटिश पोलिसांना आत जाता आलं नाही. आतल्या सगळ्यांना विमानात बसवून परत पाठवावं लागलं. दोन देशांचे संबंध तुटले ते 1999 पर्यंत. ऑक्टोबर 2022 मध्ये मँचेस्टरला हाँगकाँगच्या एका निदर्शकाला चीनच्या वाणिज्य दूतावासाच्या आवारात ओढून मारहाण झाली, तेव्हा ब्रिटिश पोलिसांनी चौकशीसाठी सहा जणांचं राजनैतिक संरक्षण (स्थानिक कायद्यापासूनची सूट) काढून घेण्याची मागणी केली. चीनने त्या सहाही जणांना, महावाणिज्यदूतासकट, मायदेशी नेलं. फाटकाबाहेर उभा असलेला एकटा माणूस आतल्या सहा जणांना भारी पडला.

तिबेटींच्या बाबतीत अजून एक सांगायला हवं, कारण तुझ्या मित्राला ते कुणी स्पष्ट सांगणार नाही. त्याच्या त्याच फलकाची किंमत दरवर्षी वेगळी असते. 2017 मध्ये डोकलामला 73 दिवस दोन्ही सैन्यं समोरासमोर होती. त्यानंतर संबंध सावरायचे होते, म्हणून फेब्रुवारी 2018 मध्ये परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी मंत्रिमंडळ सचिवांना पत्र लिहिलं, आणि तिबेटींच्या 'थँक यू इंडिया' कार्यक्रमांपासून मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी लांब राहावं अशी सूचना निघाली. भारताचे आभार मानायचा कार्यक्रम दिल्लीतून धरमशालेला न्यावा लागला. एप्रिलअखेर वुहानला मोदी आणि शी यांची भेट झाली. दोनच वर्षांनी गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांची झटापट झाली. सप्टेंबर 2020 मध्ये लडाखमध्ये मृत्यू आलेल्या एका तिबेटी जवानाच्या अंत्यसंस्काराला सत्ताधारी पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस जाहीरपणे हजर राहिले. वसाहतीतले लोक तेच, मागणी तीच. बदललं होतं ते दिल्ली आणि बीजिंगमधलं हवामान. मित्राला सांग की पोलिसांचा हात एखाद्या वर्षी कडक लागला तर तो त्याच्यावरचा राग समजू नको आणि एखाद्या वर्षी सैल लागला तर ती माया समजू नको.

आता एक आठवण सांगतो, कारण फाटकाच्या आत कोण असतं याचा विचार फार कमी लोक करतात. एका थंड देशात मी वाणिज्य विभागात होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा पोरगा तिथे अपघातात गेला. पार्थिव पाठवायला चार कागद लागतात: मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, स्थानिक पोलिसांची परवानगी आणि आपल्या दूतावासाचं ना-हरकत पत्र. त्याच्यासोबत मयताचा पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारून द्यायचा असतो. विमान शुक्रवारी रात्री होतं. शुक्रवारी सकाळी मोठं निदर्शन आलं, खिडक्या बंद ठेवायचा आदेश निघाला आणि पोलिसांनी रस्त्याला कडं केलं. अंत्यविधी कंपनीचा माणूस पासपोर्ट घेऊन कड्याबाहेर उभा, मी आत. गावाकडून मुलाच्या काकांचा दर तासाला फोन, "साहेब, निघाला का?" शेवटी वरिष्ठांची परवानगी घेऊन मी शिक्का आणि पत्र घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. पोलीस मलाही सोडेनात. निदर्शकांमधल्या एक बाई, गळ्यात भोंगा अडकवलेल्या, जवळ आल्या आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्वतः पोलीस अधिकाऱ्याशी बोलून वाट करून दिली, आणि मी त्या माणसाच्या गाडीच्या बॉनेटवर पासपोर्ट ठेवून शिक्का मारला. तोवर मागच्या घोषणा थांबल्या होत्या. त्या बाईंनी थांबवल्या होत्या.

म्हणून माझं सांगणं असतं: निदर्शन करायचंच तर खिडकी बंद झाल्यानंतर करा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी करा. टीव्हीवर दूतावास तेवढाच दिसतो. रांगेतल्या माणसाचा दिवस जात नाही. आणि आतला माणूस म्हणजे सरकार नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पुण्यात ज्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, तो रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे. बर्मिंगहॅमच्या आपल्या कचेरीत काम करणारा हा मराठी माणूस फेब्रुवारी 1984 मध्ये काश्मिरी अतिरेक्यांनी पळवून नेऊन मारला.

मावसबहिणीचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये शांततेने फुटपाथवर उभं राहणं गुन्हा नाही, तिच्या विद्यार्थी व्हिसाच्या अटींतही त्याला मनाई नाही. मोर्चा काढायचा असेल तर आयोजकांनी पोलिसांना सहा दिवस आधी कळवावं लागतं. ते कळवलं आहे का, एवढं तिने विचारावं. नसेल तर जाऊ नये. आपल्या बाजूने बघायचं तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 10(3)(c) खाली देशाची सुरक्षा, अखंडता किंवा परदेशाशी मैत्रीचे संबंध यांच्या कारणाने पासपोर्ट जप्त करता येतो. आणीबाणीत अमेरिकेतल्या काही भारतीयांना, वॉशिंग्टनच्या आपल्या दूतावासासमोर निदर्शनं केल्यावर, हे भोगावं लागलं. पण 1978 च्या मनेका गांधी खटल्यानंतर कारण न सांगता, बाजू न ऐकता असं करता येत नाही. नुसत्या घोषणांसाठी कुणाचा पासपोर्ट जातो असं मी तरी पाहिलं नाही. मोडतोडीत जो सापडतो त्याचं सगळंच जातं, व्हिसा आधी. फोटो मात्र निघतात, जगातल्या प्रत्येक दूतावासातून निघतात, तेव्हा तोंड झाकायचं कारण नाही आणि जे फलकावर लिहिलं आहे ते स्वतःला पटतं का हे मात्र वाचून घ्यावं.

तिची एखादी मैत्रीण आखातात असेल तर तिला हेच सांगू नको. तिथला हिशेब वेगळा आहे. जुलै 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत 57 बांगलादेशींनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर घोषणा दिल्या. काही दिवसांत निकाल लागला: तिघांना जन्मठेप, बाकीच्यांना दहा-अकरा वर्षं. ढाक्यात सरकार बदललं, नवे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी अमिरातीच्या अध्यक्षांशी बोलणं केलं, तेव्हा सप्टेंबरमध्ये माफी मिळाली. दर वेळी मायदेशी सरकार बदलत नसतं.

राहिला तो कागद, ज्यावर मित्राने सही केली. त्याची प्रत मिळाली नसेल तर ज्या ठाण्यात नेलं होतं तिथे अर्ज करून मागता येते. त्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 170 लिहिलेलं असेल तर ती नुसती प्रतिबंधात्मक अटक, एरवी चोवीस तासांच्या आत सोडावंच लागतं, पुढे काही नाही. चांगल्या वागणुकीचं बंधपत्र असेल तर त्याची मुदत बघायची आणि तेवढे महिने बॅरिकेडपासून दूर राहायचं. पण त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस असेल तर गुन्हा दाखल झाला आहे, आणि तिच्यावरची तारीख चुकवली तर साधी गोष्ट अवघड होऊन बसेल. मग दिल्लीतला वकील लागतो, गोंदियाच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला जाण्याआधी. तू त्याला तो कागद आणि वडिलांचा जन्मदाखला घेऊन माझ्याकडे घेऊन ये. रोवणी संपेपर्यंत मी सकाळी शेतावर असतो, दुपारनंतर घरीच.